मोजता येईल इतकं

“मोजता येतं ते संपतंच, ताई,” चिमी म्हणाली आणि तोंडात धरलेल्या टाचण्या तिने एकेक करून उशीत खोचल्या.

ताईने डोळे मिटून घेतले. हेच वाक्य चिमी कॉलेजातही बोलली होती, ‘मोजता येणारं अनंत’ शिकवलं जात असताना, भर वर्गात. ताई तेव्हा नुकतीच गणिताची प्राध्यापिका झाली होती आणि सख्खी धाकटी बहीण तिच्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसायची.

“हिच्या डोक्यात कापूस भरलाय,” ताई म्हणाली होती. वर्ग हसला. चिमीही हसली. पुढच्या आठवड्यापासून तिची जागा रिकामी राहिली आणि यथावकाश तिने हे शिवणाचं दुकान थाटलं.

“कापसाचंच खाते अजून,” ती गिऱ्हाइकांना सांगायची. ताईला तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं. आता वाटत होतं.

मध्यंतरी चिमीने हट्टाने दोघींच्या तपासण्या करून घेतल्या. एकटीला भीती वाटते म्हणाली. रिपोर्ट आणायला मात्र तीच गेली. परत आली ती चपला न काढता दारातच उभी राहिली.

“तुझं सगळं ठीक आहे गं. माझंच बिनसलंय. फार दिवस नाहीत म्हणतात.” हे तिने भिंतीकडे बघत सांगितलं.

“मी भेटते डॉक्टरांना.”

“तिथेही माझी परीक्षा घेणारेस का?”

पेपर तपासायचेत, सेमिनार आहे, असं सांगून आजवर ताईने चिमीकडचं प्रत्येक बोलावणं टाळलं होतं. त्याच दुपारी तिने रजा टाकली आणि दुकानामागच्या खोलीत राहायला आली. चिमीने तिच्याकडे एकच गोष्ट मागितली होती. “ते तुझं मोजता येणारं अनंत मला एकदा नीट समजावून सांग. वेळ आहे तोवर.”

“हात वर कर,” चिमी आता म्हणाली. ताईचा ब्लाउज तिने दोन्ही कुशींतून चिमटीत धरला. “परत आत घ्यावा लागणार. आधीचा शिंपी कापड चोरायचा नाही, उधळायचा.”

“काळजीने वाळलेय मी. तू बघ, दिवसभर मशीन मारतेस, मला मात्र दोन पायऱ्या चढल्या की धाप लागते.”

“आजार आतला असतो. गोळ्या घेतल्यास?”

“त्या ताकदीच्या? घेतल्या की. कडू आहेत मेल्या.”

“माझ्या सोबतीने घ्यायच्या ठरलंय ना? मग घ्यायच्या.”

चिमीने कापड बाजूला ठेवलं आणि बटणांचा डबा पुढे ओढला. ताई डब्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं ती फळ्यावर क्ष, य अशी अक्षरं लिहीत आली होती. चिमीला ती कशाला हवी होती?

“समज, न संपणारी पट्टी आहे. तिच्यावर काजं. पहिलं, दुसरं, तिसरं, पुढे चालूच. आणि तेवढीच नंबर घातलेली बटणं.”

“एकेका काजाला एकेक बटण. बरं.”

“आता विषम नंबरांची बटणं फेकून दे.”

“अर्धी गेली. म्हणजे अर्धी काजं उघडी.”

“थांब. दोन नंबरचं बटण पहिल्या काजात घाल. चारचं दुसऱ्यात. सहाचं तिसऱ्यात. आता मला उघडं काज दाखव.”

चिमीची बोटं हवेतच बटणं लावत गेली. “शंभराव्या काजात दोनशेचं. हजाराव्यात दोन हजारचं. अगं, एकही उघडं नाही!”

“ज्या सगळ्यांना असं एकेक काज देता येतं, त्यांना मोजता येणारे म्हणायचं. प्रत्येकाची पाळी येते, एवढंच. शेवट असायलाच हवा असं नाही.”

“आणि हा गळ्यातला टेप? ह्याच्या एका इंचात जेवढे बिंदू, तेवढ्यांना काजं?”

“नाही पुरणार. कशीही वाटून दे, कोणीतरी सुटतंच.”

“तिसऱ्या बाकावरचं,” चिमी म्हणाली आणि स्वतःच खुदकन हसली.

ताईला हसता आलं नाही. “तुझ्या डोक्यात कापूस नव्हता गं. मला सांगता येत नव्हतं. तेव्हा असं जवळ बसले असते तर...”

“आता बसलीस ना? मग झालं तर.” चिमीने मूठभर बटणं डब्यातून उचलली आणि बोटांमधून हळूहळू सोडली. तिचा चेहरा उजळला होता, शाळेत पहिल्यांदा जोडाक्षर वाचता आलं होतं तसा.

“म्हणजे मोजता येणारे असले तरी न संपणारे असू शकतात!” ती म्हणाली. “मग डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘तुमच्या बहिणीचे आता मोजता येतील इतकेच दिवस आहेत,’ तेव्हा मी उगाच एवढी रडले की गं!”