ताज्या अंकाची प्रत

अर्जासोबत ताज्या अंकाची एक प्रत जोडायची होती, आणि पद्मिनीच्या पेपरला कागदच नव्हता.

म्हणून सकाळी तिनं आपली वेबसाइट घरच्या प्रिंटरवर छापून काढली. 'बटन डॉट कॉम'. कॉम्प्युटर, मोबाइल, इंटरनेट यांच्याच बातम्या, हिंदीतून, थेट रायपूरहून. ती शहरभर स्कूटीवर फिरून बातम्या आणायची, आणि नवरा दिवाकर बूढ़ापारा मोहल्ल्यातल्या घरी बसून त्या चढवायचा. सहा महिने झाले होते. राज्य नवं, राजधानी नवी, आणि उद्या सरकार कोणकोणत्या गावांत इंटरनेट नेणार ते जाहीर करणार होतं. ही बातमी 'बटन'ची नाही तर मग कुणाची? पण आत जायला पत्रकाराचा पास हवा, आणि जनसंपर्क ऑफिसातली पासांची खिडकी पाचला बंद होणार. रांगेतच चार वाजून गेले होते.

खिडकीमागं गुलाबराव होते, मूळचे वर्ध्याचे, राज्य झालं तेव्हा भोपाळहून बदलून आलेले बाबू. अर्जावर देशकर आडनाव वाचून ते मराठीत बोलू लागले, पण काम अडायचं तिथं अडलंच. त्यांनी प्रत उलटसुलट करून छापखान्याचं नाव शोधलं. ते नव्हतंच. तेव्हा त्यांनी तिला साहेबांच्या रिकाम्या खोलीत नेलं आणि ऑफिसातल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवरचं कापडी झाकण काढलं. दाखवा म्हणाले तुमचा पेपर. मोडेम किंचाळलं, मग पान वरून खाली एकेक ओळ उतरू लागलं. सरकारी टेबलावर आपलं पान बघून पद्मिनीला असा काही आनंद झाला की ती अर्ज विसरली.

गुलाबराव विसरले नव्हते. त्यांनी प्रत पडद्याशेजारी धरली. कागदावर पहिली बातमी पंडरीतल्या नव्या सायबर कॅफेची होती, आणि पडद्यावर भलतीच.

"बाई, कागदावर एक अन् इथं दुसरंच," ते म्हणाले. "मी फाइलीत कोणता लावू? असा पेपर असते काय कुठं?"

करणी पद्मिनीचीच होती. दुपारी येताना ऑफिसच्या फाटकावर नोटीस दिसली, उद्याच्या कार्यक्रमाची जागा बदलल्याची, आणि तिचे पाय आपोआप समोरच्या एसटीडी बूथकडे वळले. तिनं फोन केला, दिवाकरनं बातमी चढवली. हातातली प्रत तिथंच शिळी झाली, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही.

तेवढ्यात दिवसभर मीटिंगांत अडकलेले साहेब आत आले आणि पडद्यासमोर थबकले.

"कार्यक्रम की जगह बदल गई? कब?"

नोटीस सव्वादोनला लावली, कागद तुमच्या टेबलावर ठेवला आहे, असं गुलाबरावांनी सांगितलं. पडद्यावर बातमीखाली वेळ होती, दोन वाजून चाळीस मिनिटं. ही पद्मिनीची शिस्त. प्रत्येक बातमीखाली तिची खरी वेळ, मिनिटासकट. वडील स्टेशनमास्तर, म्हणून दिवाकर तिला रेल्वेवाल्याची पोट्टी म्हणून चिडवायचा. साहेबांनी ती वेळ वाचली, मग टेबलावरचा कागद शोधून तोही वाचला. खुर्ची ओढून बसले आणि 'बटन'चं पान खाली खाली सरकवत राहिले. पद्मिनीला उभ्या जागी नाचावंसं वाटत होतं.

पण कागदाविना पेपर नियमात कुठं बसतो ते बघावं लागेल, असं ते म्हणाले. गुलाबरावांनी नियमांची फाइल आणली. ती भलती जाड निघाली. साहेबांचं बोट तिसऱ्या पानावर असताना पाच वाजले आणि बाहेर खिडकीची फळी पडली. पद्मिनीचा चेहरा पडला. साहेब आणखी दोन-चार पानं उलटून थांबले. त्यांचं लक्ष पुन्हा पडद्याकडे गेलं होतं.

"और कुछ आया क्या?"

पद्मिनीनं पान पुन्हा मागवलं. नवा मथळा सावकाश उतरला: 'बटन को मिला पास'. खाली वेळ, पाच वाजून पाच मिनिटं.

तिचे कान तापले. खिडकी पाचला बंद होते, म्हणजे एव्हाना पास हातात पडलाच असणार, असं उतावळ्या दिवाकरनं गृहीत धरलं होतं. तिनं साहेबांचा दुसरा फोन मागून घरचा नंबर फिरवला. एंगेज. घरात एकच लाइन, आणि तिच्यावर इंटरनेट चालू.

"साहब, ये खबर गलत है," ती म्हणाली. "पास मिला नहीं है। घर जाते ही हटाऊँगी, और लिखूँगी कि गलती हमारी थी।"

सहा महिन्यांतली पहिली खोटी बातमी, आणि तीही स्वतःचीच.

गुलाबरावांनी हातातली शिळी प्रत टेबलावर ठेवली. "अब तो छप गई साहब," ते हळूच म्हणाले.

साहेबांनी नियमांची फाइल मिटली. पासांचं पुस्तक पुढं ओढून वर 'बटन' लिहिलं, खाली सही केली, तारीख घातली. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वापाच होत आले होते. पडद्याकडे पाहिलं. आणि तारखेपुढं, कुणी मागितली नसताना, वेळही लिहिली: पाच वाजून चार मिनिटं.