गेट मोकळं आहे

शारजाहून अबुधाबीच्या एका साइटवर एसीची मोठी मशिनं पाठवायची होती. साइटच्या नियमाप्रमाणे मी आमच्या ट्रकचा नंबर आदल्या दिवशीच फॅक्स केला होता. पण पहाटे निघताना त्याच ट्रकचा गिअरबॉक्स गेला. धावपळ करून मी एका पठाणाचा ट्रक भाड्यानं आणला, माल चढवला आणि त्याला रवाना केलं. तो फार तर नऊपर्यंत पोचायला हवा होता. साल सत्त्याण्णव, ड्रायव्हरकडे कसला आलाय मोबाइल!

दहापासून साइटवरच्या पेंडसेसाहेबांचे फोन सुरू झाले. "सुदेश, गाडी कुठाय? इथं क्रेन ताटकळतेय!" मी दर वेळी "पोचेलच साहेब, इन्शाल्ला" म्हणत राहिलो. एक वाजता आमचा मालक डोक्यावर येऊन उभा राहिला. "आज माल उतरला नाही तर कॉन्ट्रॅक्ट खलास. और तू भी खलास!"

तेवढ्यात पुन्हा फोन. माझंही डोकं फिरलं. "साहेब, गाडी कधीच निघालीय हो! मला झापण्यापेक्षा जरा गेटवर लक्ष ठेवा ना!"



"मला नका शिकवू! तुमच्या फॅक्समधल्या नंबरसाठी सकाळपासून गेट मोकळं ठेवलंय मी. नऊपासून एक पठाण दुसराच ट्रक घेऊन हुज्जत घालत होता, त्यालासुद्धा आत्ताच हाकलून दिला!"