काहीच न घडलेला हंगाम

ओट्यावरून स्टीलची वाटी पडली आणि गोल गोल फिरत दाराशी जाऊन थांबली. दुपारच्या सामसूम घरात तेवढाच आवाज. सुचितानं लॅपटॉपवरची बोटं उचलली. आतल्या खोलीत पिहू उठून बसली होती. लेकीला झोपवायला गायलेली सगळी अंगाई वाया गेली.

तिला कडेवर घेते तोच फोन वाजला. जिनिंगचे मालक किसनराव शेठ होते.

"मॅडम, हंगाम संपत आला. तुमची जाळी आता काढून न्या."

सुचिता फोन हातात घेऊन उभीच राहिली. ती इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची, आणि कारखान्यातले अपघात कसे टाळावेत हा तिच्या संशोधनाचा विषय होता. अमडापूर रस्त्यावरच्या त्या जिनिंगमध्ये कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं ओळीनं चालतात. त्यांना फिरवणारे पट्टे तिथं काम करणाऱ्या बायांच्या अगदी हाताजवळून पळतात. त्या पट्ट्यांवर तिनं जाळीचं झाकण बसवलं होतं. झाकण उघडलं की यंत्र आपोआप थांबायचं. पिहूचा डोळा लागला की तेवढ्या चोरलेल्या वेळात तिनं ते कागदावर आखलं होतं, खोडलं होतं, पुन्हा आखलं होतं. शेठनं परवानगी एका हंगामापुरती दिली होती. जाळी निघाली की पुढच्या कापसाला पट्टे पुन्हा उघडे.

सासूबाई दुसरबीडला लग्नाला गेल्या होत्या. तिनं पिहूला स्कुटीवर मागे बसवलं, ओढणीनं स्वतःशी बांधून घेतलं आणि निघाली.

जिनिंगच्या फाटकात सत्यभामाबाई बसल्या होत्या. बायांना पाणी द्यायचं आणि त्यांची लेकरं सांभाळायची, हे आता त्यांचं काम. मागच्या हंगामात त्या यंत्रावर होत्या. उजव्या हाताला दोनच बोटं उरली, तेव्हा शेठनं त्यांना इथं बसवलं. त्यांनी पिहूला मांडीवर ओढलं. पिहूनं त्यांचा हात उलटासुलटा करून पाहिला.

"आजी, बोटं कुठं गेली?"

"पट्ट्यात गेले, माय," सत्यभामाबाई म्हणाल्या आणि तिच्या ओंजळीत फुटाणे ठेवले.

आत शेवटचा कापूस चालू होता. शेठनं खुर्ची पुढे केली.

"बसा मॅडम. खरं सांगू का? हंगामभर काहीच झालं नाही. एकीचं बोट खरचटलं नाही. मंग ही जाळी कशाले पायजे? उलट घडीघडी मशीन बंद पडते."

"काही झालं नाही, ते जाळीमुळंच ना शेठ."

"कशावरून? जाळी नव्हती तवाबी रोज कोठं काही होत होतं? एखाद्या साली होते एखादीले. नशिबाची गोष्ट हाये ते."

सुचिताजवळ आलेख होते. शेठला आलेख नको होते.

"आणखी एक पाहा," त्यांनी बायांकडे बोट केलं. "बांगड्या घालून येऊन राह्यल्या. या जिनात कधी एक बाई बांगडी घालून आली नव्हती. तुमच्या जाळीनं भीतीच गेली यांची. भीती होती तेच बरं होतं. भीतीनंच हात वाचत होते."

सुचितानं पाहिलं. खरंच होतं. बांगडी पट्ट्यात अडकली तर हात ओढला जातो, आणि काचेच्या बांगड्या रोज उतरवता-चढवता येत नाहीत, म्हणून हंगामभर इथल्या बायांची मनगटं मोकळीच असत. नवरा असून रिकामे हात म्हणून घरी बोलणी खावी लागत. आता प्रत्येकीच्या हातात हिरवा चुडा होता. सुचिताचं मन खचलं. यांना बेफिकीर आपणच केलं की काय?

बायांची मुकादम भिमाबाई झाकण उघडून अडकलेला कापूस काढत होती. तिचं यंत्र थांबलेलं होतं. ती मागे न वळता बोलली.

"शेठ, सत्यभामाबाईच्या हातात बी बांगडी नव्हती."

तिनं अडकलेल्या कापसाचा पुंजका बाहेर ओढला.

"अन् भीती बी होती तिले. माह्यापेक्षा जास्त होती. तरी गेलेच ना बोटं."

शेठनं फाटकाकडे पाहिलं. मग मान खाली घातली. टेबलावरचा पेन इकडचा तिकडे केला.

"राहू द्या मंग जाळी," ते म्हणाले. "पण मॅडम, ते घडीघडी बंद पडणं जरा कमी करा. नाही त एक दिवस मीच बंद पडन."

"पडा की," भिमाबाई म्हणाली. "आम्हाले सुटी भेटन."

सुचितालाही हसू आलं. कितीतरी दिवसांनी खांदे सैल झाले. पण ती इंजिनिअर होती, राहवलं नाही.

"तेही करते. मात्र भिमाबाई, जाळी असली तरी बांगड्या काढाव्या लागतील हं."

"घ्या," भिमाबाईनं कपाळाला हात लावला. "एक सासू घरी होती, आता जिनात बी आली."

बाया तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. तोवर सत्यभामाबाई पिहूला आत घेऊन आल्या होत्या. "हे पाय, तुह्या मायनं बनवलं," त्या जाळी दाखवून म्हणाल्या. "हे हात वाचवते."

पिहूनं जाळीला बोट लावलं. मग ती भिमाबाईजवळ गेली आणि तिचा हात नीट पाहिला. शेजारच्या बाईचा पाहिला. तिच्या पलीकडचीचा पाहिला. बायांनी कौतुकानं आपापले हात तिच्यापुढे धरले, कापसाचे तंतू चिकटलेले, बोटं हलवून दाखवणारे. सगळे पाहून झाल्यावर ती आईकडे आली आणि तिचा कुर्ता ओढून म्हणाली,

"आई, जाळी नसती तर यातला कोणता हात गेला असता?"