अब्बांचं पित्त

साहेब, तुम्ही टीव्हीवर अर्धंच सांगितलंत. डिझेल दरवाढीविरुद्धच्या देशबंदनं एका दिवसात हजारो कोटींचं नुकसान झालं म्हणालात आणि बंदवाल्यांवर ढकलून मोकळे झालात. डिझेल वाढवलं कुणी, त्यावर चकार शब्द नाही.

त्या नुकसानीत आमच्या सोनई गावच्या घरातलं अकरा लिटर दूधही धरा. टँकर आला नाही, म्हणून संकलन केंद्रावरून मी भरलेला कॅन तसाच परत आणला. त्याच दुधावर आमच्या दोन गाईंची पेंड येते. माझी बायको मेहरीन कॅनकडं बघत राहिली. म्हणाली, "आता ह्याचं करायचं काय? निम्मं शेजारी देते. ऱ्हायलेलं चहात घालते."

तिनं अब्बांनाही दुधाचा चहा दिला. अब्बा सत्तरीचे. दुधानं पित्त होतं म्हणून वर्षानुवर्षं कोराच चहा पिणारे. त्या दिवशी लागोपाठ तीन कप प्यायले.

मी घाबरलो. "अब्बा, बास करा आता. पित्त उसळंल."

"कशाचं पित्त रं येड्या? दूध केंद्रावर जायचं, म्हनून म्हनत हुतो." त्यांनी रिकामा कप पुन्हा मेहरीनपुढं धरला आणि मला विचारलं, "बंद उद्या पन हाय का?"



साहेब, नुकसान तुम्ही मोजलंत ना? मग अब्बांना काय सांगू, तेही तुम्हीच सांगा.