रणजाईची कंबर

"कंबर निम्मी कर, दंड बारीक कर," पुण्याहून गेम कंपनीचे प्रज्वल सर लॅपटॉपच्या पडद्यावरून सांगत होते, "आणि ते पोट आधी काढून टाक. असली बाई गेममध्ये कोण पसंत करणार?"

वैभवीच्या मस्तकात तिडीक गेली. रिठद गावच्या घरात मधल्या खोलीत खाटेवर ती बसली होती आणि पडद्याच्या अर्ध्या भागात तिने पावसाळाभर खपून घडवलेली रणजाई उभी होती. हातात तलवार, रुंद खांदे, भरलेले दंड, जाड मनगटं आणि चिलखताखालीही कळून येणारं पोट. हे अंग तिने मनाने रचलं नव्हतं. ते तिच्या थोरल्या बहिणीचं, मंजूचं होतं. गेल्या वर्षी सोयाबीन कापायच्या सोंगणीत बापाचा जुना फुल बाह्यांचा शर्ट ड्रेसवर चढवून मंजू शेताच्या धुऱ्यावर उभी राहिली, तेव्हा वैभवीने चहूबाजूंनी तिचे फोटो काढले होते. रणजाईचं चिलखतही तिने त्या शर्टावरूनच बेतलं होतं, गळ्यापासून मनगटापर्यंत बंद. इथल्या बाया नुसत्या शेंगा टोचतात म्हणून अंगभर झाकून घेतात, आणि या शहाण्याला तलवारीपुढे उघडी कंबर हवी होती.

सर गोड आवाजात बोलतच होते. खेळणारी पोरं रांगेतून आपला योद्धा निवडतात, हिच्याकडे कोणी ढुंकूनही बघणार नाही, संध्याकाळपर्यंत बदल झाला नाही तर काम दुसऱ्याला जाईल आणि गेमवर वैभवीचं नाव राहणार नाही. त्या गोडव्यानेच ती जास्त भडकली. चार वर्षं घासून घेतलेली पुण्याची भाषा कुठल्या कुठे गेली.

"रणजाई लढाले उभी आहे, सर. पसंत पडाले नाही. जिच्यावरून बनवली ना, तिच्या अंगाले हात लावाचा तुमाले हक्क नाही. माह्यं नाव काढाचं तं काढा."

तिने कॉल तोडला. जशी होती तशी रणजाई तिने पाठवून दिली आणि लॅपटॉप दाणकन मिटला.

स्वयंपाकघरात सोजरबाई पोहे भिजवत होती. लेकीने तावातावाने सगळं सांगितलं, पण आईचा एक कान दाराकडे होता. मंजूला पाहायला केनवडचे पाहुणे येणार होते. आजवर फोटो पाहूनच लोक नकार कळवायचे. दिवाळीत वैभवीने नवा फोटो टाकून बायोडाटा केला, परस्पर मध्यस्थाला पाठवला, आणि पहिल्यांदाच कोणी होकार देऊन दारापर्यंत येत होतं. सोजरबाईला नोकरीपेक्षा त्याचंच कौतुक जास्त.

मंजू शेतातून येऊन अंगणात पाय धूत होती. आतला आवाज तिने ऐकला होता.

"माह्यासाठी भांडली काय वं?" तिने हसून विचारलं. आपण गेममध्ये दिसणार, हे तिने सोंगणीच्या सगळ्या बायांना केव्हाच सांगून ठेवलं होतं.

पाहुणे आले. मुलगा, त्याचा बाप आणि आत्या. मंजू पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली. आत्याने तिच्याकडे पाहिलं, मग हातातल्या मोबाइलकडे, मग पुन्हा तिच्याकडे. दोन बोटांनी फोटो मोठा केला.

"फोटोतली पोरगी आना ना भाईर," ती म्हणाली.

"हेच आमची मंजू," जगदेव म्हणाला. बापाचा आवाज एवढा बारीक झालेला वैभवीने कधी ऐकला नव्हता.

आत्याने मोबाइल सगळ्यांकडे फिरवला. मुलगा खाली मान घालून पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. मंजू ट्रे धरून तशीच उभी. तो फोटो तीही पहिल्यांदाच पाहत होती.

वैभवीचा पुन्हा भडका उडाला. बायको पाहायला आलात की बाजारात ढोर पाहायला, असं तिने तोंडावर विचारलं. या दंडांवर हे घर उभं आहे, ज्याला ते पेलवत नसतील त्याने पोहे न खाता उठावं, असंही सुनावलं. पाहुणे उठले. चपला घालताना आत्या एवढंच म्हणाली की तुम्ही आम्हाला फसवलं.

जगदेव गोठ्याकडे निघून गेला. सोजरबाई भरलेल्या बशा उचलत राहिली. वैभवी अजून धुमसत होती. बरं झालं गेले, असल्या घरात तुझा निभावच लागला नसता, असं ती मंजूला सांगत होती. एका दिवसात दोघांना सरळ केलं होतं तिने. मंजू आता पाठीवर हात ठेवील, असं तिला वाटत होतं.

मंजूने ट्रे खाली ठेवला आणि रणजाई दाखव म्हणाली. वैभवीने लॅपटॉप उघडला. मंजूने रणजाईला सगळीकडून फिरवायला लावलं. खांदे पाहिले, दंड पाहिले, पोट पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि गेलं.

"हे मीच हाये," ती म्हणाली.

मग तिने वैभवीचा मोबाइल मागून घेतला, त्यात बायोडाटाचा फोटो उघडला आणि लॅपटॉपला टेकवून ठेवला. चेहरा मंजूचा होता. खाली निम्मी कंबर, काडीसारखे दंड, पोट नाहीच. वैभवीने काही बोलायला तोंड उघडलं.

"तुह्या सरानं कंबर काढाच्या आधी तुले इचारलं तरी, वैभू," मंजू म्हणाली. "तुनं मले इचारलं होतं काय?"