मुलाखतीचा सराव

"आणखी एका कंपनीनं तुले नाही म्हटलं, गोपाल! काहून? तर मुलाखतीत तू तोंडच उघडत नाही!"

लोहाऱ्याच्या दिव्यांग प्रशिक्षण केंद्रातल्या गझाला मॅडम आज चांगल्याच तापल्या होत्या. मोटार वाइंडिंगमध्ये गोपालचा हात धरणारं केंद्रात कोणी नव्हतं, आणि उद्या त्याची पुन्हा मुलाखत होती.

"आज उलटं करू. तू साहेब हो, मी नोकरी मागाले येते. पाह्य, धडाधड कसं बोलाचं असते ते!"

गोपालनं व्हीलचेअर टेबलामागे नेली. मॅडम समोर ताठ बसल्या. दर मुलाखतीला त्याच्यासोबत जाणारी त्याची आई, तानाबाई, त्याला घरी न्यायला आली होती. ती बाजूच्या बाकावर टेकली.

साहेब झालेल्या गोपालनं मॅडमला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मान तानाबाईकडे वळवली. "यायले लिहिता-वाचता येते का?"

"मी सांगते ना, सर," मॅडम म्हणाल्या. "माझं शिक्षण..."

गोपालनं त्यांना हातानंच थांबवलं. लहान लेकराशी बोलावं तसं मोठ्यानं, सावकाश म्हणाला, "तुम्ही आरामात बसा हं!" आणि पुन्हा तानाबाईला विचारलं, "बाथरूमले एकट्या जातात का?"

मॅडम तानाबाईच्या तोंडाकडे पाहू लागल्या.



तानाबाई सवयीनं उठली आणि हात जोडून म्हणाली, "हाव साहेब, सारं आपल्या हातानं करते थे. लय गुणाची हाय बिचारी!"