कोपऱ्यातलं हिरवं पान

फोटोच्या कोपऱ्यात कुणीतरी लाल गोल काढला होता. गोलात नखाएवढं हिरवं पान. खाली लिहिलं होतं, "काका, बालवाडी पास झालात. अभिनंदन."

त्याच्याखाली हसणारे चेहरे रांगेनं लागले होते.

त्याने दोन बोटांनी फोटो मोठा केला. फोटो त्यानेच व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला होता, सकाळी, चहा व्हायच्याही आधी. मेलेला राक्षस, त्याच्या छातीवर पाय देऊन उभा असलेला योद्धा, आणि वर त्याचं स्वतःचं वाक्य: एक्कावन्नाव्या वर्षी, हार्ड मोडवर, पहिल्याच दमात. हिरवं पान म्हणजे ईझी मोड, हे ग्रुपमधल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक होतं. पण तो सोफ्यावरून, चष्मा न लावता खेळायचा, आणि ते पान आपल्या पडद्यावर असेल हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

उन्हाळ्यात त्याने नवा कंट्रोलर घेतला होता. तेव्हापासून तो जिंकत होता. त्यावर त्याने ग्रुपमध्ये पानभर लिहिलं होतं: बटणं किती हलकी आहेत, तळव्यात कसा बसतो, बोटं म्हातारी होत नाहीत, यंत्रं जुनी होतात. ऑफिसातल्या कॅशियरलाही त्याने तोच घ्यायला लावला. कॅशियर तरीही हरतच राहिला, तेव्हा त्याला बोटांचे व्यायाम शिकवले.

"माझ्या कन्सोलला कुणी हात लावला होता?"

बायको टेबलाशी वाटाणे सोलत होती. समोर मुलगी लॅपटॉप घेऊन बसली होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. पाहिलं नाही, यावरूनच त्याला कळलं.

मग बायकोनेच सांगितलं. मुलीला उन्हाळ्याची सुट्टी लागली होती, तो अंघोळीला गेला होता, तेवढ्यात तिने सेटिंग बदललं. बदलायला मीच सांगितलं, असंही ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात येईलच, अशी मुलीची खात्री होती. दुसऱ्या दिवशी तो शीळ घालत स्वयंपाकघरात आला आणि ओट्यावरची सगळी भांडी घासून टाकली. त्यानंतर कुणालाच काही बोलवेना.

तो म्हणाला, घरातच असली माणसं असल्यावर बाहेर शत्रू कशाला हवेत. त्याची चारचौघांत शोभा झाली होती. ज्यांना त्याने कंट्रोलर कसा धरायचा ते शिकवलं, ती पोरं आता दात काढत होती. आणि कॅशियर? त्याला उद्या कुठल्या तोंडाने भेटायचं?

मुलीने लॅपटॉप मिटला.

"तू हरलास की आम्हाला भिंतीपलीकडून कळायचं, बाबा. तुला जेवायला हाक मारायची की ताट झाकून ठेवायचं, ते आवाजावरून ठरायचं. बारावीचा अख्खा अभ्यास मी कानात बोळे घालून केलाय."

"मी कधी हात उगारलाय का कुणावर?"

"नाही," बायको म्हणाली. शेंग तिच्या बोटांत अर्धी उघडून तशीच राहिली होती. "माणसांवर नाही."

खेळात आवाज चढतोच, असं तो म्हणाला. क्रिकेट बघणारे ओरडत नाहीत का? बायको समजावणीच्या सुरात बोलू लागली. उन्हाळ्यापासून ते दोघं रोज संध्याकाळी फिरायला जात होते. तिची धाकटी बहीण कित्येक वर्षांनी राहायला आली, आणि एक दिवस जास्तच राहिली. परवा जेवताना तो स्वतःच्याच विनोदावर इतका हसला की त्याला ठसका लागला.

"राहू द्या ना तसंच," ती म्हणाली. "कोण बघतंय?"

"सगळे बघतायत." त्याने फोन तिच्या तोंडासमोर धरला.

"ते चार दिवसांत विसरतील," मुलगी म्हणाली. "आम्हाला इथं राहायचंय."

तो सोफ्यावर येऊन बसला. कंट्रोलर हातात घेतला. उजव्या अंगठ्याचा सांधा सुजल्यासारखा दिसत होता. बहुधा तो आधीपासूनच तसा असावा. त्याला गेल्या महिन्यांतले एकेक घाव आठवू लागले. प्रत्येक घाव कसा अचूक बसला होता. म्हणजे राक्षस मुद्दाम हळू येत होते. मान पुढे करून उभे राहत होते. आणि आपण त्यांच्या छातीवर पाय देत होतो, मग उठून शीळ घालत होतो. ती शीळसुद्धा कुणीतरी बसवून दिल्यासारखी त्याला वाटली.

त्याने चष्मा लावला. यादीत खाली खाली जात हार्ड मोड ओलांडला आणि त्याच्याही खालच्या, सगळ्यांत अवघड पायरीवर थांबला. खरंच बदलायचं का, असं पडद्यावर आलं.

"बाबा," मुलगी म्हणाली.

त्याने बटण दाबलं.

मुलीने लॅपटॉपची वायर गुंडाळली, आत गेली आणि खोलीची कडी लावून घेतली. पडद्यावर कसलंतरी दार करकरत उघडलं. योद्ध्याच्या पाठीमागून राक्षस पूर्ण वेगाने येत होता, आणि सोफ्यावर तो मान पुढे काढून, ओठ घट्ट मिटून बसला होता.

बायकोने वाटाण्यांवर ताटली ठेवली. बाहेर छान वारा सुटला होता. ती उठली आणि हॉलच्या खिडक्या एकेक करून लावून घेऊ लागली, शेजाऱ्यांच्या बाजूची आधी.